जुनिपर घरात जगत नाही

औराद, जि. बीदर
दि. १७ नोव्हेंबर २०२४, रविवार. सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे.

आदरणीय बाई,
सविनय जय भीम.

वर लिहिलेल्या वेळी मी तुमच्या गच्चीवर उकिडवा बसलो होतो आणि उजव्या हाताचे बोट पहिल्या पेरापर्यंत कुंडीतल्या मातीत घातले होते. माती गार लागली, पण बोटाला चिकटली नाही. म्हणून पाणी दिले. झारीने सावकाश, तळाच्या दोन्ही भोकांतून बाहेर येईपर्यंत. मग दोनशेपर्यंत आकडे मोजले आणि पुन्हा एकदा दिले. पाणी ड्रममधले, पावसाचे. बोअरचे नाही.

तुम्हाला गाडीत झोपवून गुलबर्ग्याला, म्हणजे आताच्या कलबुर्गीला, नेत होते तेव्हा मांडीचे हाड मोडलेले असूनही तुम्ही ओरडला नाहीत. ‘नागनाथ, झाड’ एवढेच म्हणालात. सगळी गल्ली माझ्याकडे बघत होती. नववीतून शाळा सोडलेला, पाण्याच्या मोटारींना तार गुंडाळणारा मी. एकवीस वर्षांचे हे बोन्साय झाड तुम्ही माझ्या हवाली कसे केले हे मला अजून कळत नाही. गच्चीचे कुलूप मी तीन वेळा ओढून बघतो.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही म्हणून पत्र लिहीत आहे. संध्याताईंच्या मोबाईलवर फोटो पाठवू का?

दुसरी शंका. थंडी पडली आहे. आई म्हणते, ‘एवढंसं लेकरू, गच्चीवर कामून ठेवायलास? घरात घे की.’ घेऊ का?

रामकिशन मिस्त्री रोज दुकानात विचारतात, ‘काय रे, म्हाताऱ्या लेकराला पाणी पाजलास का?’ मी हो म्हणतो.

तुम्ही झाडासाठी पाठवलेले पंधराशे रुपये आणि अकरा सूचनांचा कागद वेगळ्या डबीत आहेत.

आपला विद्यार्थी,
नागनाथ

*

कलबुर्गी
२४ नोव्हेंबर

प्रिय नागनाथ,
जय भीम.

तुझं पत्र संध्याने उशाशी आणून दिलं. तुझं अक्षर सातवीत होतं तसंच आहे, ओळीवर बसलेलं.

घरात घ्यायचं नाही. एक दिवससुद्धा नाही. जुनिपर घरात जगत नाही. त्याला ऊन लागतं, वारा लागतो, थंडीही लागते. आईला सांग, हे डोंगरावरचं लेकरू आहे.

फोटो पाठवू नकोस. जुनिपर मेला तरी महिनाभर हिरवाच दिसतो. फोटोत तर आणखी हिरवा. मला हात लावून लिही. पानं बोटांनी चोळून बघ, वास येतो का. बारीक फांदी वाकवून बघ, लवते की कडकते. आणि माती बोटाने बघ. घड्याळाने नाही. तुझं घड्याळ मला माहीत आहे.

जूनमध्ये मी उजव्या फांदीला तार गुंडाळली होती. ती आता सालीत रुतायला लागली असेल. काढ. पण उलटी सोडवत बसू नकोस, साल निघेल. प्रत्येक वेढा कटरने तोड आणि तुकडा उचल. तार वाया गेली तर जाऊ दे.

बंगळूरच्या फुलांच्या प्रदर्शनाला मी मुलांची सहल नेली होती तेव्हा साठ रुपयांना घेतलं होतं ते. करंगळीएवढं होतं. येताना सगळ्या पोरांनी पाळी लावून मांडीवर धरलं.

माझं ऑपरेशन झालं. मांडीत पट्टी बसवली आहे. संध्या, माझ्या बहिणीची मुलगी, दवाखान्यात नर्स आहे म्हणून घरातही दवाखान्यासारखंच वागते.

राजश्रीबाई

*

औराद
दि. ८ डिसेंबर २०२४, रविवार. सकाळी सात.

आदरणीय बाई,
सविनय जय भीम.

तार काढली. चौदा वेढे होते. आमच्या धंद्यात जळालेल्या मोटारीची तार वेढा वेढा उलटा सोडवतात, तांबे वजनावर विकले जाते. तोडायला हात धजत नव्हता. पहिला वेढा तोडला तेव्हा डोळे मिटून घेतले, मग लक्षात आले की डोळे मिटून कटर चालवू नये. सालीवर तीन ठिकाणी वळ उमटले आहेत, पण साल फाटली नाही. फांदी तुम्ही वळवली तिथेच राहिली, तार नसतानाही. मी बराच वेळ बघत राहिलो.

पाणी एक दिवसाआड द्यावे लागते. बोट घालूनच देतो, पण वेळही लिहून ठेवतो. त्याबद्दल रागावू नये.

एक विनंती आहे. मी झाडाचे सगळे खरे लिहितो, तसे तुम्ही पायाचे लिहावे. रोज किती पावले चाललात ते. म्हणजे हिशोब दोन्ही बाजूंनी राहील.

ज्या पायरीवरून तुम्ही घसरलात तिच्यावर मी सिमेंट खरबरीत करून घेतले आहे. उरलेलेच होते, खर्च नाही.

नागनाथ

*

कलबुर्गी
१७ डिसेंबर

प्रिय नागनाथ,

तू माझाच मास्तर झालास. बरं. वॉकर धरून बारा पावलं. लिहून ठेव.

संध्या म्हणते, ‘मावशी, त्या पोराच्या पत्राची वाट बघायलाव, तेवढी जेवणाची बघा की.’ तिला उलट बोलायची सोय नाही, सुई तिच्या हातात असते.

आता मार्गशीर्ष अमावस्येची येळवस येईल. तुम्ही सगळे शेतावर जाल. झाडाचं त्या दिवशी सकाळीच बघून घे. तुझ्या आईच्या हातची पालेभाज्या-शेंगांची भज्जी मला दरवर्षी डबाभर यायची.

राजश्रीबाई

*

औराद
दि. २ जानेवारी २०२५, गुरुवार. सकाळी सात वाजून दहा मिनिटे.

आदरणीय बाई,
सविनय जय भीम.

सोमवारी येळवस झाली. सगळी गल्ली शेतावर जाणार आणि झाड दिवसभर एकटे राहणार, गच्चीवर माकडे येतात, म्हणून मी ते शेतावर घेऊन गेलो. फळांच्या खोक्यात, बाजूंना पोते लावून. मोटारसायकल माझा मित्र मृत्युंजय चालवत होता, मी मागे खोके धरून. वीसच्या वर जाऊ दिले नाही. मृत्युंजय म्हणाला, ‘आरं, बाळंतिणीला आणताना बी लोक ह्याच्यापेक्षा जोरात येतेत.’

कडब्याची खोप केली होती. पाच दगडांची पूजा झाली. भज्जी, उंडे, बाजरीची भाकरी, आंबील सगळे झाले. आईने तुमचे नाव काढले. झाड खोपीसमोर उन्हात ठेवले होते. शेजारच्या शेतातल्या बायका बघायला आल्या. एकीने विचारले, ‘ह्याला फळ काय येतं?’ मी म्हणालो, काही नाही. ती म्हणाली, ‘मग एवढ्या लाडाचं कामून?’ मी कुंडी उन्हाकडे सरकवली.

झाड ठीक आहे. सोमवारी संध्याकाळी साडेपाचला परत आणले. पाणी मंगळवारी सकाळी सहा चाळीसला दिले आणि आज सहा पंचेचाळीसला दिले.

तुमच्या पावलांचा आकडा कळवावा.

नागनाथ

*

कलबुर्गी
१० जानेवारी

प्रिय नागनाथ,

त्रेचाळीस पावलं. डॉक्टर खूश आहेत.

त्या बाईला सांगायचंस, की फळ येत नाही म्हणूनच आपल्याला दुसरं काही मागता येत नाही त्याच्याकडून. तिला हे पटलं नसतं. असू दे.

तुझं पत्र दोनदा वाचलं. वेळ दोनदा लिहिली आहेस, बोटाचं एकदाही नाही. माती कशी लागली?

राजश्रीबाई

*

औराद
दि. १९ जानेवारी २०२५, रविवार.

आदरणीय बाई,
सविनय जय भीम.

झाड हिरवे आहे. पाणी वेळेवर चालू आहे. दुकानात काम जास्त आहे, ऊस असल्याने मोटारी खूप येतात. त्रेचाळीस पावले वाचून आनंद झाला. आईलाही सांगितले.

नागनाथ

*

कलबुर्गी
२५ जानेवारी

नागनाथ,

हिरवं आहे हे मी विचारलं नव्हतं.

फांदी वाकवून बघ आणि लिही. काय झालं असेल ते लिही. मी रागावले तरी किती रागावणार आहे, उठून येता येत नाही मला.

बाई

*

औराद
दि. १ फेब्रुवारी २०२५, शनिवार. सकाळी सहा. झाडासमोर बसलो आहे.

आदरणीय बाई,

येळवशीच्या दिवशी घरातल्या थोरल्याने आंबील शिंपायची असते. वडील गेल्यापासून ते माझ्याकडे आहे. मी तांब्या घेऊन आरोळी देत सगळ्या शेताला फेरी मारली. ज्वारी, हरभरा, करडई, बांधावरची बाभळसुद्धा सोडली नाही. परत खोपीपाशी आलो तेव्हा तांब्यात थोडी उरली होती आणि समोर तुमचे झाड होते. मला वाटले, सगळ्यांना मिळाले आणि हे पाहुणे म्हणून आले ते तसेच राहिले. याचेही एक शेतच आहे, ताटाएवढे. मी उरलेली सगळी आंबील कुंडीत ओतली.

तेव्हा मला फार बरे वाटले होते. ते खोटे लिहिणार नाही.

तुमच्या अकरा सूचनांमध्ये आंबील घालू नये असे नव्हते. पण घालावे असेही नव्हते. आंबिलीत ज्वारीचे पीठ, ताक, लसूण आणि मीठ असते. मीठ. ते मला संध्याकाळी घरी आल्यावर आठवले. दुसऱ्या दिवशी पाणी वरच थांबले. तिसऱ्या दिवशी पांढरी बुरशी आली. मी बोट घातले तर वरचा थर खळीसारखा चिकट होता आणि आंबट वास आला. त्यानंतर मी बोट घातलेच नाही. भीती वाटली. म्हणून नुसती वेळ लिहिली.

आज सगळे बघितले. डावीकडची खालची फांदी कडकते. पाने चोळली तर वास नाही. बाकीच्या फांद्या लवतात, पण शेंडे फिके झाले आहेत.

नववीत शाळा सोडली तेव्हाही मी तुम्हाला सांगितले नव्हते. तीन दिवस दप्तर घेऊन घरून निघालो आणि रामकिशन मिस्त्रींच्या दुकानात बसलो. चौथ्या दिवशी दप्तर आणले नाही. मी असाच आहे. झाड दुसऱ्या कुणाला द्यायचे असेल तर कळवावे. पंधराशेपैकी खर्च झालेले मी भरून देईन.

नागनाथ

*

कलबुर्गी
८ फेब्रुवारी

प्रिय नागनाथ,
जय भीम.

आधी काम. लाकडी काडीने वरचा थर हळूहळू खरवडून काढ, मुळं दिसू लागली की थांब. मग कुंडी तिरकी धर आणि वरून पाणी घाल. दहा झाऱ्या, वीस झाऱ्या, खालचं पाणी स्वच्छ येईपर्यंत. पावसाचं पाणी संपलं असेल तर फिल्टरचे कॅन विकत घे. नंतर वर चाळलेली जाड वाळू आणि विटेचा चुरा पसर. खत नको. दुधाची, ताकाची कसलीच माया नको. आणि मग माती सुकेपर्यंत थांब. थांबणं तुला जड जाईल, पण थांब.

मेलेली फांदी कापू नकोस. जुनिपरची मेलेली फांदी काढून टाकत नाहीत. तिची साल अलगद सोलायची आणि आतलं पांढरं लाकूड तसंच ठेवायचं. तशी एक तरी फांदी असल्याशिवाय झाड वयाचं वाटत नाही. वीस वर्षं मी त्याला इतकं जपलं की एकही फांदी मेली नव्हती. तेवढी एक उणीव होती, ती तुझ्या आंबिलीने भरली.

आता माझं. तू खरं लिहिलंस, तर मला खोटं लिहून कसं चालेल?

बारा पावलं खरी होती. त्याच्या दुसऱ्याच दिवशी न्हाणीच्या दारात वॉकर सरकला आणि मी पुन्हा पडले. हाडाला काही झालं नाही. पण त्या दिवसापासून मी उठलेलेच नाही. त्रेचाळीस हा आकडा मी पलंगावर पडून लिहिला. डॉक्टर म्हणतात हाड जुळलं आहे, आता चालायलाच हवं. संध्या हात धरून उभी करते, मी तिच्यावर ओरडते आणि परत बसते. आयुष्यभर पोरांना उभं राहा म्हणून सांगितलं, आणि आता माझेच पाय ऐकत नाहीत.

म्हणून संध्याने औरादच्या घराला भाडेकरू बघितला आहे. मार्चअखेरीस येईल. मी हो म्हटलं. झाड तुझ्याकडेच राहू दे. दुसऱ्या कुणाला कामून देऊ?

दप्तराचं मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी दुकानासमोरून दोनदा गेले. तू तार मोजत होतास, मान वर केली नाहीस. तुला हाक मारायची होती. माझ्याने झालं नाही. ते माझंही राहून गेलेलं आहे.

राजश्रीबाई

*

औराद
दि. १८ फेब्रुवारी २०२५, मंगळवार. सकाळी सहा वाजून पन्नास मिनिटे.

आदरणीय बाई,
सविनय जय भीम.

थर काढला. एकोणतीस झाऱ्यांनंतर पाणी स्वच्छ आले. वाळू आणि चुरा चाळून पसरला. फांदीची साल सोलली, आतले लाकूड सुपारीसारखे निघाले. नंतर तीन दिवस माती ओली होती म्हणून पाणी दिले नाही. ते तीन दिवस कसे काढले ते मलाच माहीत. चौथ्या दिवशी बोट घातले. माती गार होती, चिकटली नाही. आंबट वास नाही. काल एका शेंड्यावर नवा हिरवा ठिपका दिसला. तो मी हात लावून बघितला आहे, खरा आहे.

त्रेचाळीसचे वाचून मला राग आला नाही. मला तुमच्याजवळ बसावेसे वाटले.

मी येत्या रविवारी, २३ तारखेला, गुलबर्ग्याला येत आहे. संध्याताईंना फोन केला होता. तुमच्या पलंगापासून ऊन येते त्या ठिकाणापर्यंत किती पावले होतात ते त्यांनी मोजून सांगितले आहे. तुम्हाला नंतर कळेल.

नागनाथ

*

कलबुर्गी
३ मार्च

नागनाथ,

तुझ्यासारखा लबाड विद्यार्थी माझ्या नोकरीत झाला नाही.

आलास, पाया पडलास, चहा घेतलास, आणि माझ्या डोळ्यांदेखत झाड घेऊन गॅलरीच्या पार टोकाला गेलास. वाटलं, दाखवायला आणलंय, नेताना जवळ आणशील. तू चारच्या गाडीने गेलास आणि झाड तिथेच!

मी संध्याला म्हटलं, ‘ते इकडं आण, पलंगाजवळ.’ ती म्हणाली, ‘मावशी, घरात जगत न्हाई म्हणून तुम्हीच लिहिलंव न्हवं? मला पत्र वाचून दाखवलंय त्या पोरानं.’ म्हटलं, ‘मग पाणी तरी घाल.’ तर म्हणते, ‘मला काय कळतंय त्यातलं? मी आपली तीन वेळा बादलीभर घालते.’ तिने खरंच बादली उचलली. तुम्ही दोघांनी मिळून हे ठरवलं होतं हे मला आता कळतंय, त्या वेळी कळलं नाही. मी ‘थांब!’ म्हणून ओरडले आणि बघते तर उभी होते.

तशी उभी राहिले तेव्हा आधाराला वॉकरच हाती लागला. त्या दिवशी दारापर्यंत गेले, अकरा पावलं, आणि दारातून त्याला बघून परत आले. दुसऱ्या दिवशी संध्या ड्यूटीला गेली होती. इथलं ऊन तुला माहीत आहे. दुपारी दारातून बघितलं, वाळूचा रंग उडाल्यासारखा वाटला. घरात कुणी नव्हतं. हाक मारून उपयोग नव्हता. आणि नुसतं बघून कळत नाही, हे मीच तुला शिकवलंय.

सव्वीस पावलं. मधे दोनदा भिंतीला टेकले. तिथे गेल्यावर लक्षात आलं, मला वाकता येत नाही म्हणून तू कुंडी स्टुलावर ठेवलेली. कमरेच्या उंचीला, बरोबर माझ्या हाताला येईल अशी. नागनाथ, ते स्टूल बघून मी तिथेच उभ्या उभ्या रडले. मग बोट घातलं.

कोरडी होती. झारी तू भरून ठेवली होतीस.

आता रोज सकाळी जाते, संध्याकाळी जाते. पांढरी फांदी छान दिसते. तुझ्या आईला सांग, तिच्या आंबिलीचं झाडाने वाईट मानलेलं नाही.

भाडेकरूला नाही म्हणून कळवलं. चौदा एप्रिलला मी औरादला असेन. पंचशील झेंड्याखाली उभं राहायचं आहे, खुर्चीवर बसून नाही.

आज सव्वीसच्या सव्वीस, जाऊन येऊन बावन्न. संध्याची सही खाली घेतली आहे, कारण माझ्या आकड्यांवर तू विश्वास ठेवणार नाहीस.

राजश्रीबाई
(बावन्न खरे आहेत. – संध्या)

*

औराद
दि. १० मार्च २०२५, सोमवार. सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे.

आदरणीय बाई,
सविनय जय भीम.

वर लिहिलेल्या वेळी मी तुमच्या गच्चीवर होतो. सवयीने गेलो. कुंडीच्या जागी चौकोनी डाग आहे. तिथे बोट टेकवले, गच्ची गार होती.

तुम्हाला येतानाची गोष्ट सांगायची राहिली. बीदरच्या पुढच्या गाडीत कंडक्टरने खोक्यात डोकावून कानडीत विचारले, ‘इदेनप्पा, गिडा?’ म्हणजे, हे काय बाबा, रोप? मी म्हणालो, रोप नाही, झाड आहे. म्हणाला, ‘लगेज लागतं.’ मी म्हणालो, मांडीवर धरतो. ‘मांडीवर असेल तर लेकरू. वय किती?’ मी म्हणालो, एकवीस. ‘मग फुल तिकीट काढ!’ मला ते खरेच वाटले. मी पूर्ण तिकिटाचे पैसे काढून दिले. त्याने हसत परत केले आणि तीस रुपयांचे लगेज फाडले. पुढे हुमनाबादपर्यंत सारी गाडी त्याचे वय विचारत होती. एका आजोबांनी थोडा वेळ मांडीवर घेतले, मी खोक्यावरचा हात काढला नाही.

आई म्हणते, पुढच्या येळवशीला बाईंना शेतावर न्यायचे. झाडालाही. आंबील फक्त बाईंना.

हिशोब:

मिळाले: रु. १५००
फिल्टर पाण्याचे कॅन, ९ × २०: रु. १८०
चाळणी: रु. ९०
जाड वाळू, एक घमेले: रु. ४०
विटेचा चुरा: रामकिशन मिस्त्रींकडून, पैसे घेतले नाहीत
पोस्टाची पाकिटे, या पत्रासह ७ × ५: रु. ३५
झाडाचे लगेज, औराद–बीदर २०, बीदर–गुलबर्गा ३०: रु. ५०
बसस्टँड ते संध्याताईंचे घर, रिक्षा: रु. ८०
माझे तिकीट: धरलेले नाही, मी माझ्या कामाने आलो होतो
एकूण खर्च: रु. ४७५
तुम्हाला देणे: रु. १०२५

हे पैसे मनीऑर्डरने पाठवणार नाही. औरादच्या बसस्टँडपासून तुमच्या दारापर्यंत मी काल दोनदा मोजले, सहाशे बारा पावले होतात. मधे तीन ठिकाणी बसायला कट्टा आहे. चौदा एप्रिलला दारात उभा असेन, पैसे तिथे हातात देईन. पावती लागेल.

आपला विद्यार्थी,
नागनाथ